२७ इंची बॅरिटोनवर खर्जाच्या सहा तारा चढवायच्या आहेत: नट, खुंट्या, ब्रिज आणि हिशेब

गोदाकाठ

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो.

गिटार: बॅरिटोन (साध्या गिटारपेक्षा लांब आणि खालच्या सुराची), स्केल (तारेची वाजणारी लांबी) २७ इंच, नेक म्हणजे मान बोल्टने बसवलेली, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) हार्डटेल (तारा बॉडीतून मागून ओवायच्या), दोन हंबकर (पिकअप), नटची (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) रुंदी ४३ मिमी. खुंट्या साध्या डायकास्ट, सहाही एका ओळीत. सध्या १४ ते ६८ चा संच (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), खालची तार बी, वरचीही बी.

करायचं काय: बास सिक्स. म्हणजे साध्या गिटारच्या बरोबर एक सप्तक खाली, ई-ए-डी-जी-बी-ई. ऑर्केस्ट्रात खालच्या चार तारांवर बास धरायचा आणि वरच्या दोनांवर मधले तुकडे वाजवायचे.

प्रश्न:
१. एवढ्या जाड तारांनी नेक वाकेल का?
२. ८४ ची तार खुंटीच्या भोकात जात नाही. भोक मोठं करावं की तार सोलावी?
३. ब्रिज बदलावा लागेल का?
४. छत्रपती संभाजीनगरात किंवा जालन्यात काय करून मिळेल आणि काय बाहेरून मागवावं लागेल?

---

तारकाटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण भीती चुकीच्या जागी आहे. नेक वाकणार नाही. तारा ढिल्या पडतील, खरी अडचण ती आहे.

बाजारातला बास सिक्सचा नेहमीचा संच (डॅडारिओ ईएक्सएल १५६) २४, ३४, ४४, ५६, ७२, ८४ असा असतो. तो ३० इंच स्केल धरून केलेला आहे. फेंडरने १९६१ साली बास सिक्स काढला तो ३० इंची. त्याआधी १९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रोने सहा तारांचा बास काढला होता, तोही साधारण त्याच लांबीचा. तुमची लांबी २७. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २७ भागिले ३०, म्हणजे ०.९, त्याचा वर्ग ०.८१. तोच संच, तोच स्वर, पण ताण १९ टक्के कमी.

ढोबळ हिशेबाने ३० इंचावर तो संच सगळा मिळून ७५ किलोच्या आसपास ओढतो. २७ इंचावर ६० च्या आसपास. तुमचा सध्याचा १४ ते ६८ चा संच बी ते बी मध्ये साधारण ६५ किलो ओढतो. म्हणजे नेकवरचा भार वाढत नाही, उलट थोडा उतरतो. ट्रस रॉड (मानेतली, बाक धरणारी सळई) पाव आटा इकडे-तिकडे करावा लागेल, बस.

आता तार नंबर सहा. ८४ ची तार ई ला लावली तर ३० इंचावर सुमारे ९ किलो, २७ वर सव्वासात. शेजारची ए मात्र जवळपास साडेनऊ किलोवर. बोटाखाली हा फरक लगेच कळतो. ई जोरात छेडली की स्वर आधी वर चढतो आणि मग जागेवर येतो, शिवाय फ्रेटवर आपटून खडखडते. तानपुऱ्याला जवारी शोभते, बासला नाही.

उपाय एकच, ई जाड करा. ९५ ची लावली तर २७ इंचावर साधारण ९.४ किलो येतात, १०० ची लावली तर १०.४. मी ९५ वर थांबेन. त्यापुढे गेलात तर नट, खुंटी, ब्रिज सगळीकडे भांडण वाढतं.

---

खर्जातला

हे आकडे कुठून काढले? तारेच्या पाकिटावर तर ताण लिहिलेला नसतो सगळ्यांच्या.

---

तारकाटा

वजनावरून. नवीन तार कापून उरलेला तुकडा फेकायचा नाही. बरोबर १० सेंटीमीटर मापून कापा आणि सराफाकडं न्या. त्याच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन मिळतं. तुकडा पूर्ण जाडीचा हवा, टोकाकडचा निमुळता किंवा रेशीम गुंडाळलेला नको.

८४ चा १० सेंमी तुकडा साधारण सव्वादोन ग्रॅम भरतो, म्हणजे मीटरला २२.५ ग्रॅम. ९५ चा २.९ ग्रॅमच्या आसपास.

मग: लांबी मीटरमध्ये (२७ इंच म्हणजे ०.६८६), गुणिले कंपनसंख्या (खालची ई ४१.२ हर्ट्झ), गुणिले २. आलं ५६.५. त्याचा वर्ग ३१९५ च्या आसपास. त्याला मीटरच्या वजनाने, किलोत, गुणा: ०.०२२५. आले ७२ न्यूटन. ९.८१ ने भागा, ७.३ किलो. झालं.

बाकीच्या स्वरांच्या कंपनसंख्या: ए ५५, डी ७३.४, जी ९८, बी १२३.५, वरची ई १६४.८. कुठल्याही कंपनीची, कुठल्याही गेजची तार असू द्या, हिशेब हाच. दुकानदार सांगतो त्या "हेवी", "मीडियम"वर जाऊ नका.

---

बिनपट्टी

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. २७ वर ई लावूच नये.

३० इंची बास सिक्सला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावला तर उरलेली लांबी किती? २६.७ इंच. आणि स्वर? एफ शार्प. म्हणजे तुमच्या हातातलं वाद्य हे जवळजवळ कॅपो लावलेलं बास सिक्सच आहे. नेहमीचा ८४ चा संच आणा, एफ शार्प ते एफ शार्प लावा, बोटाखालचा ताण मूळ बास सिक्सइतकाच मिळेल. नव्या जाड तारेची भानगड नाही, इंटोनेशनची (वरच्या फ्रेटांवरही स्वर बरोबर येण्याची) मारामारी निम्मी.

फक्त वाजवताना दोन फ्रेट खालचा आकार पकडायचा. ज्याला बॅरिटोन बी मध्ये वाजवता येते त्याला हे अवघड नाही.

---

गोदाकाठ

हिशेब पटला, पण गायकाच्या पट्टीप्रमाणं गाणं ऐनवेळी सरकतं, आणि मोकळी ई आणि मोकळी ए हाताशी असणं बासला लागतंच. ई च हवी.

---

वाळूज टूलरूम

मग कामाला लागू. क्रमाने सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे. नसता नट आधी कापून बसतात आणि मग कळतं तार खुंटीतच जाईना.

खुंटी. ९५ ची तार म्हणजे २.४ मिमी. साध्या गिटारच्या खुंटीचं भोक दोनच्या आसपास असतं. खांब जाडीला साधारण ६ मिमी. भोक २.५ केलं तरी दोन्ही बाजूला पावणेदोन मिमी भिंत राहते, पुरते. फक्त ई चीच खुंटी करायची. ए ची तार ७२ म्हणजे १.८३ मिमी, ती बहुतेक खुंट्यांत जाते, आधी घालून बघा.

खुंटी काढा. खांब लाकडाच्या किंवा चामड्याच्या तुकड्यात धरून व्हाइसमध्ये आवळा, गिअरवर दाब येऊ देऊ नका. ड्रिल आधी २.२, मग २.५. एकदम अडीच घातलं तर बिट भोकाच्या कडेला पकडतं आणि खांब फिरतो, आतला वर्म गिअर तिथंच गेला समजा. बेंच ड्रिल हवं, हातातल्या मशीनने करू नका. शेवटी दोन्ही तोंडांची धार मोठ्या बिटने हाताने फिरवून मोडा. ही धार राहिली तर तार दोन आठवड्यांत तिथंच तुटते आणि दोष तारेला लागतो.

लॉकिंग खुंट्या असतील तर ड्रिल नाही. आतून पिन जाते, काही उरत नाही.

तार सोलणं. हा दुसरा मार्ग. त्यात खुंटी शाबूत राहते, म्हणून पुढं विकायची गिटार असेल तर हाच बरा. तार ओढून धरा, खुंटीच्या साधारण १ सेंमी अलीकडं खूण करा. त्या खुणेवर सुपरग्लूचा एक थेंब, सुकू द्या, मग तिथं हलका बाक द्या. खुणेच्या पलीकडचं फक्त सगळ्यात वरचं वेटोळं उलगडून कापा. बासच्या तारेत गाभ्यावर वेटोळ्यांचे दोन-तीन थर असतात. वरचा एकच काढायचा.

हे फक्त षटकोनी गाभ्याच्या तारेला. गोल गाभा असेल तर कधीच नाही. गोल गाभ्यावर वेटोळं केवळ ताणाने धरलेलं असतं. टोक सुटलं की सगळी तार आतून सैल होते आणि मेल्यासारखी वाजते.

कुठल्याही जाड तारेला कापण्याआधी काटकोनात वाकवायचं आणि वाकण्याच्या पुढं कापायचं. सरळ तार कापली की वेटोळं मागं सरकतं.

खुंटीवर दीड ते दोन वेढे. तीन बसत नाहीत, बसवायला जाऊ नका.

---

खर्जातला

९५ ची सुटी तार बासचीच घ्यावी लागेल ना? तिच्या बुडाचा गोळा मोठा असतो. हार्डटेलच्या मागच्या फेरूलमध्ये (बॉडीच्या मागं गोळा अडवणारी धातूची बांगडी) बसेल?

---

वाळूज टूलरूम

नाही बसत. गिटारच्या तारेचा गोळा ४ मिमीच्या आतला, बासचा त्याच्या दीडपट. फेरूलच्या तोंडाशीच अडकतो. दोन उपाय.

पहिला: ई चं फेरूल काढून त्याच बाहेरच्या मापाचं, पण आतून मोठं फेरूल पितळेत फिरवून घ्या. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत लेथवर चहा थंड व्हायच्या आत होणारं काम आहे, फक्त नमुना सोबत न्या आणि मापं मिमीत लिहून द्या. फेरूलच्या मागचं लाकूड खोल करायची वेळ आली तर वरून ब्रिजप्लेटकडं किती लाकूड उरतं ते आधी मोजा.

दुसरा: गोळा फेरूलच्या बाहेरच राहू द्या, खाली एक जाड पितळी वायसर टाका. दिसायला ओबडधोबड, वाजायला काही फरक नाही.

बासची तार लांब स्केलची (३४ इंची) घेतली तर कापून वापरता येते, पण रेशीम गुंडाळलेला भाग सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) येत नाही ना ते बघा. आणि नटपासून खुंटीपर्यंत पूर्ण जाडी असल्यामुळं ६ मिमीच्या खांबावर ती कडक वळते. म्हणून वरचं सोलणं इथं दुहेरी कामाला येतं.

---

परभणीचा पाहुणा

मधे बोलतो. सहा तारांचा बास म्हणजे बी-ई-ए-डी-जी-सी असतो ना? खालची बी पण लावता येईल का यावर?

---

तारकाटा

ते वेगळं वाद्य. त्याचं स्केल बहुधा ३४ इंच किंवा जास्त, मान पंज्याएवढी रुंद, आणि तारा सगळ्या चौथ्या अंतराने, म्हणजे पाच-पाच फ्रेटांनी. बास सिक्समध्ये जी आणि बी च्या मधे गिटारसारखंच तिसरं अंतर (चार फ्रेट) आहे, म्हणून गिटारवाल्याचे कॉर्ड जसेच्या तसे बसतात.

२७ इंचावर खालची बी, ३०.९ हर्ट्झ, लावायची तर १३० ची तार हवी. ताण येईल, पण एवढ्या आखूड लांबीत ती तार राहत नाही, सळई होते. सळईचे वरचे स्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत येत नाहीत, वर सरकतात. ट्यूनर एक सांगतो, कान दुसरं. शिवाय ४३ मिमीच्या नटमध्ये तिला जागा नाही.

---

वाळूज टूलरूम

नट. जुना नट काढून जपून ठेवा. खाचा मोठ्या करून तोच वापरायचा विचार असेल तर परत बॅरिटोन करण्याचा रस्ता बंद होतो. कडेने लॅकर ब्लेडने कापा, मग फ्रेटबोर्डच्या बाजूने लाकडी ठोकळा लावून हलकं टॅप करा. लॅकर न कापता ठोकलं की हेडस्टॉकच्या रंगाचा टवका निघतो.

नवीन नटासाठी हाड उत्तम. ते नसेल तर किचन ओट्याला लावतात त्या कॉरियनचा (कृत्रिम दगडाचा) उरलेला तुकडा. फॅब्रिकेशनवाल्याकडं कचऱ्यात पडलेला असतो, ६ आणि १२ मिमीत येतो, कानशीने छान घासतो. पितळ टिकाऊ, पण खाच चुकली की परत येत नाही. भरीव नसलेला प्लॅस्टिकचा नट नको.

खाचांची मांडणी. इथं बरेच जण फसतात. जुन्या नटावरून तारांचे मध्य मोजतात आणि तेच उतरवतात. मग जाड तारा एकमेकींना खेटतात आणि बारीक तारांमधे गल्ली पडते. मध्यापासून मध्य नाही, कडेपासून कड मोजायची.

गोदाकाठ, तुमच्या मापावर करून दाखवतो. नट ४३. दोन्ही कडांना ३-३ मिमी सोडा. उरले ३७. तारांच्या जाड्या मिमीत: ९५ म्हणजे २.४१, ७२ म्हणजे १.८३, ५६ म्हणजे १.४२, ४४ म्हणजे १.१२, ३४ म्हणजे ०.८६, २४ म्हणजे ०.६१. बेरीज ८.२५. ३७ वजा ८.२५ म्हणजे २८.७५. मधे पाच गाळे, प्रत्येकी ५.७५ मिमी. व्हर्नियरने पेन्सिलीची खूण करा, आधी ई आणि ई, मग आतल्या.

कानशी. नटच्या खास कानशी महाग पडतात आणि एवढ्या जाडीच्या संचात नसतातही. वरच्या चार तारांसाठी गॅस वेल्डिंगचा टिप क्लीनर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याच्या डबीत मिळतो, प्रत्येक सळई व्हर्नियरने मोजून घ्या. जाड दोनसाठी ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर एक वेढा. पेपरची जाडी दोन्ही बाजूंनी मिळून साधारण ०.४ मिमी धरते, म्हणून २ मिमीच्या बिटवर २.४ ची खाच पडते. आधी भंगार तुकड्यावर पाडून तार घालून बघा. तार खाचेत सहज सरकली पाहिजे, पण बाजूला हलता कामा नये.

खाचेचा उतार खुंटीकडं. तारेचा अर्धा व्यास खाचेत, अर्धा वर. खोली तपासायची ती तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून: पहिल्या फ्रेटवर खालच्या ई ला साध्या ए-फोर कागदाचे दोन थर जातील एवढी फट, वरच्या ई ला एक थर. कागद ०.१ मिमीचा असतो, फीलर गेज नसलं तरी चालतं.

---

बिनपट्टी

ठीक आहे, ई च लावायची ठरलंय तर इंटोनेशनचं मी सांगतो, कारण तिथंच हे वाद्य मरतं.

साध्या गिटारवर सॅडलांची रांग मधे तुटते: जाड वेटोळ्याच्या तीन तारा एका तिरक्या ओळीत, मग उडी, मग साध्या तीन. बास सिक्सच्या सहाही तारा वेटोळ्याच्या. रांग एकच, अखंड तिरकी. ही रांग कुठं तुटली दिसली तर समजायचं तिथं काहीतरी चुकलंय, तार खोटी आहे किंवा नटची खाच उंच आहे.

२७ इंच म्हणजे ६८५.८ मिमी. स्केल नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा, ब्रिजपर्यंत मोजलेलं स्केल खरं नसतं. वरची ई ६८८ च्या आसपास बसेल. खालची ९५ ची ई ६९३ ते ६९५. म्हणजे सात ते नऊ मिमी मागं. बऱ्याच हार्डटेलांत सॅडलला एवढी मागं जागाच नसते, स्प्रिंग आडवी येते.

तर असं करा. ई च्या सॅडलची स्प्रिंग काढा. ती फक्त सॅडल हलू नये म्हणून आहे, ९ किलोच्या ताणाखाली सॅडल तशीही हलत नाही. सॅडल खडखडलं तर स्प्रिंग अर्धी कापून परत घाला. तरी कमी पडलं तर स्क्रूचं पुढचं टोक कापावं लागतं, कारण सॅडल मागं गेलं की स्क्रू पुढं बाहेर येतो आणि पिकअपच्या कडेला किंवा तारेला टेकतो.

एवढ्याने नाही झालं तर ब्रिज ५ मिमी मागं सरकवणं. त्यात तारांची बॉडीतली भोकं जुळत नाहीत. म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही, टॉप-लोड ब्रिज (तारा बॉडीतून नाही, ब्रिजमध्येच अडकतात तो) बसवायचा असेल तरच.

ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज असणाऱ्यांसाठी: खालच्या ई चं सॅडल उलटं फिरवून बसवा, उताराची बाजू बदलली की दीड-दोन मिमी मिळतात. पुरतीलच असं नाही.

तपासणी करण्याआधी तारेला बाक द्या. जाड तार नटवरून आणि सॅडलवरून कमानीत जाते, टोकदार वळत नाही. अंगठ्याने नटच्या लगेच पुढं आणि सॅडलच्या लगेच पुढं घट्ट दाबा. हे न करता इंटोनेशन लावलं की आठवड्याने तार आपोआप बसते आणि सगळं परत बिघडतं. बाराव्यावर दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तिथंच तार न दाबता नुसती स्पर्शून छेडलेला स्वर) चढा, तर सॅडल मागं. उतरा, तर पुढं. नवीन तारेवरच करा, आणि हलक्या बोटाने दाबून. जोरात दाबली तर ढिली ई पाच-दहा सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) सहज चढते.

---

खर्जातला

ॲक्शन? म्हणजे तारांची फ्रेटवरची उंची?

---

बिनपट्टी

रिलीफ (मानेचा हलका खोलगट बाक) सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२५ ते ०.३५ मिमी, गिटारपेक्षा थोडा जास्तच, कारण ई चा झोका मोठा. बाराव्या फ्रेटवर खालची ई २.४ मिमी, वरची १.८. त्याखाली जाण्याचा हट्ट नको.

आणि आपल्याकडचं हवामान धरून चाला. एप्रिल-मे मध्ये ४२-४३ अंश आणि हवा कोरडी, फ्रेटबोर्ड आक्रसतो, रिलीफ कमी होतो, फ्रेटांची टोकं कडेला बोचायला लागतात. जुलैत उलटं. खालच्या ई ला हा फरक सगळ्यात आधी जाणवतो. उन्हाळ्यात वाद्य गाडीच्या डिकीत ठेवू नका.

---

धाराशिव ६४

वायरिंगवर कुणी बोललंच नाही.

टोन कॅपॅसिटर ०.०२२ असेल तर ०.०४७ मायक्रोफॅरड करा. बासला टोन पूर्ण बंद केल्यावर गोल आवाज हवा असतो.

दुसरं, एक छोटा स्विच घाला. फेंडरने बास सिक्सच्या नंतरच्या आवृत्तीत खर्ज कापणारा स्विच दिला तो उगं नव्हता. जी-बी-ई वर कॉर्ड वाजवताना खालचा गडगडाट स्पीकर खातो. सिग्नलच्या वाटेत सिरीजमध्ये ०.००३३ मायक्रोफॅरड, स्विचने बायपास. ५०० के च्या व्हॉल्यूमला आणि नेहमीच्या ॲम्पला साधारण १५० हर्ट्झच्या खालचं उतरायला लागतं. व्हॉल्यूम पॉट २५० के चा असेल तर कापण्याची जागा थोडी वर सरकते.

पिकअप बदलू नका. बॅरिटोनचे हंबकर ई पकडतात. फक्त बासच्या बाजूने खाली घ्या: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत साडेतीन ते चार मिमी.

आणि एक हात जोडून विनंती. मागून उघड्या गिटार कॉम्बोत हे लावून आवाज वाढवू नका. ४१ हर्ट्झला कोन पुढंमागं फेकला जातो, आवाज तर येत नाहीच, कॉइल जाते. बास ॲम्प, कीबोर्ड ॲम्प, नाहीतर डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) सरळ मिक्सरला. मिक्सरवर ३५-४० हर्ट्झला लो-कट लावला तरी बास कमी होत नाही, फक्त हाताचा आणि मंचाचा धपधपाट जातो. मंडपातल्या वायरिंगला अर्थिंग नसलं की हंबकरसुद्धा गुणगुणतात. तेव्हा आधी अर्थिंग बघा, मग गिटारला दोष द्या.

---

तारकाटा

भर घालतो: वाजवायची पद्धत. बोटांनी जोर लावून वाजवणाऱ्याला ही ढिली ई कायम त्रास देणार. जाड पिक, ब्रिजजवळ, तळहाताची कड तारांवर हलकी टेकवून. नॅशव्हिलमध्ये डबल बासच्या सोबत सहा तारांचा बास असाच दाबून वाजवत, त्याला टिक-टॅक म्हणत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीच्या सोबत हा आवाज फार नीट बसतो, कारण ढोलकीची धुम आणि आपली ई एकाच जागेसाठी भांडत नाहीत.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. काम झालं, आकडे देतो म्हणजे पुढच्याला उपयोग.

तारा: २४, ३४, ४४, ५६, ७२ संचातल्या, ई सुटी ९५. खुंटी २.५ ला ड्रिल, धार मोडली. नट कॉरियनचा, गाळे ५.७५. फेरूल फिरवून घेतलं नाही, वायसर टाकला. ट्रस रॉड पाव आटा सैल, रिलीफ ०.३. ई च्या सॅडलची स्प्रिंग काढली, स्क्रू ३ मिमी कापला.

सॅडल नटपासून मिमीत, वरच्या ई पासून खालच्या ई कडं: ६८८, ६८९, ६९०, ६९१, ६९२, ६९४. रांग अखंड आहे.

दोन गोष्टी उरल्यात. ए ची तार पाचव्या फ्रेटच्या पुढं दाबली की स्वर लाटेसारखा डुलतो, ट्यूनरची सुई स्थिर राहत नाही. मोकळी ए ठीक. आणि ई जोरात छेडली की नटजवळ बारीक किणकिण येते, फ्रेटवरची नाही, मोकळ्या तारेचीच.

---

धाराशिव ६४

डुलणं लोहचुंबकाचं आहे. वरच्या फ्रेटांवर तार पिकअपच्या जवळ जाते आणि खांब तिला ओढतात. मानेकडचा पिकअप बासच्या बाजूने आणखी एक मिमी खाली. तेवढ्याने जाईना तर त्या पिकअपचे ए आणि ई खालचे स्क्रू अर्धा-अर्धा आटा खाली. आवाज कमी झाला तर ॲम्पवर वाढवा, पिकअप वर नेऊ नका.

---

वाळूज टूलरूम

किणकिण नटचीच. खाचेचा उतार खुंटीकडं पुरेसा नसला की तार खाचेच्या पुढच्या कडेवर न टेकता मागच्या कडेवर टेकते आणि पुढं मोकळी किणकिणते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तार परत चढवा, एकदा सूर लावून उतरवा आणि बघा शिसं कुठं पुसलंय. मागच्या बाजूला पुसलं असेल तर खाचेचा मागचा अर्धा भागच २.४ च्या दांड्याने तिरका घासा, फ्रेटबोर्डकडच्या कडेला हात लावू नका. तिथली खोली गेली तर नट नवा करावा लागेल.

---

गोदाकाठ

बरोबर, मागंच पुसलं होतं. दहा-बारा वेळा घासून किणकिण गेली. पिकअप एक मिमीने भागलं नाही, दीड लागला.